कोऱ्या कागदाचा कौल

रविवारी सकाळी आंबेखोल ग्रामस्थ मंडळाच्या विक्रोळीतल्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जिथे होती तिथे कोणीतरी नारळ ठेवला होता. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत पंख्याखाली घामेजलेली माणसं, आणि सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या प्रिंटरवर. प्रिंटरच्या गळ्यात, म्हणजे गळा जिथे असावा तिथे, झेंडूचा हार होता. झाकणावर हळदकुंकू वाहिलं होतं आणि त्यातलं बरंचसं आत गेलं होतं. शेजारी कॉम्प्युटर होता. त्याच्या डब्यावर पेंग्विनचं एक चित्र चिकटवलेलं होतं आणि त्या पेंग्विनसमोर द्रोणात दहीभात ठेवला होता.

सुलक्षणाने तो दहीभात पाहिला आणि तिचं डोकं फिरलं. मुलुंडच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई ती. प्रश्न पडला की तो गिळून टाकायची तिला सवयच नव्हती.

"हा भात कोणाला?" तिने शेजारच्या बाईला विचारलं.

"पितरांना," ती बाई कुजबुजली. "तो पेंग्विन नाहीये, ताई. प्रीतमनाथांनी सांगितलं, कावळाच आहे तो. यंत्रात राहून राहून पोट पांढरं पडलंय त्याचं."

सुलक्षणाने पेंग्विनकडे पाहिलं. पेंग्विनने इन्कार केला नाही.

आता ही भानगड कळायची तर आधी मंडळाची रीत कळायला हवी. गावाकडे लग्नकार्य निघालं की श्री देव रवळनाथाला कौल लावतात. मूर्तीला डावी-उजवीकडे कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विक्रोळीत मूर्ती नाही, फोटो आहे, आणि फोटोच्या काचेला कळी काही केल्या चिकटत नाही. म्हणून गिरणीच्या काळातल्या म्हाताऱ्यांनी वेगळी रीत पाडली. मंडळातल्या कोणाचंही लग्न असो, पहिली पत्रिका मंडळाच्या खोलीत तयार व्हायची, अध्यक्षांनी गाऱ्हाणं घालायचं, आणि ती पत्रिका देवाच्या फोटोपुढे ठेवायची. पूर्वी ती हाताने लिहायचे. मग पवईच्या एका ऑफिसने आपला जुना कॉम्प्युटर मंडळाला देऊन टाकला आणि मंडळाने नवा कोरा प्रिंटर आणला.

कॉम्प्युटरमध्ये विंडोजच्या जागी निघालं लिनक्स. डब्यावरचा तो पेंग्विन त्याचंच बोधचिन्ह. ते काय असतं हे खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. प्रिंटर जोडला, पण तो नुसता दिवे मिचकावत बसला. तेव्हा कोणीतरी घाटकोपरहून प्रीतमनाथांना घेऊन आलं. संगणकशांती, यंत्रदोष, विवाहविलंब, सगळं एकाच छपराखाली. प्रीतमनाथांनी लिनक्स पाहून कपाळाला हात लावला. "हे फुकट मिळतं. फुकट म्हणजे कोणाचं तरी सुटलेलं, अतृप्त." मग त्यांनी पडद्यावर एक काळीकुट्ट खिडकी उघडली, तिच्यात पांढरी अक्षरं सरसर धावली, बायकांनी हात जोडले, आणि प्रिंटर चालू झाला. जाताना त्यांनी लग्नपत्रिकेचा एक सुबक नमुनाही कॉम्प्युटरमध्ये भरून दिला. वर गणपती, खाली कलश, मध्ये फक्त नावं बदलायची. "आणि हे बघा," ते म्हणाले, "वर हे प्रिंटरचं बारीक चित्र ठेवलंय. दाबा की छापलं. मध्ये काही विचारणार नाही."

त्या दिवसापासून चमत्कार सुरू झाला. पाणी बंद राहण्याची सूचना छापली, नीट आली. सत्यनारायणाचं आमंत्रण नीट आलं. लग्नाची पत्रिका छापायला घेतली की मात्र प्रिंटर भलतंच काही ओकायचा. इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस, चिन्हं, पानामागून पानं. मग प्रीतमनाथ यायचे, खांद्यावरचं भगवं उपरणं पडद्यावर टाकायचे, स्वतःचं डोकंही त्या उपरण्याखाली घालायचे, आत काहीतरी पुटपुटायचे, आणि पत्रिका स्वच्छ बाहेर यायची. अध्यक्ष रामनाथ आजोबांची नात ऋतिका, तिच्या लग्नात असंच झालं. देवाचा फोटो नेमका प्रिंटरच्या वर टांगलेला. मंडळी काय समजायची ती समजली. गावचा देव कळीतून बोलतो, मुंबईचा प्रिंटरमधून.

आज पाळी होती नमिताची. नमिता म्हणजे सुलक्षणाचा धाकटा भाऊ सहदेव, त्याची एकुलती एक मुलगी. ऑफिसच्या सहलीला मार्वेची खाडी ओलांडून मनोरीला गेली होती, तिथे प्रज्योत भेटला. कोळ्याचा मुलगा, घरची होडी, स्वतः समुद्रावर जातो. साखरपुडा झाला होता. आता देवाला पत्रिका ठेवायची तेवढी राहिली होती.

रामनाथ आजोबांनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, आंबेखोलच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली गरजली.

"ह्या सहदेवाची पोर नमिता, तिचा लगीन मनोरीच्या प्रज्योताशी ठरलेला असा. तेची पयली पत्रिका तुझ्या पायाकडे ठेवतो, ती गोड मानून घे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचा काय चुकला माकला असात, तर ता भायर काढ रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

नमिताने प्रिंटरचं ते बारीक चित्र दाबलं. प्रिंटर घरघरला. पहिला कागद बाहेर आला आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. गणपती नाही, कलश नाही, नावं नाहीत. वरच्या कोपऱ्यात %! अशी खूण, तिला लागून इंग्रजी पी आणि एस, आणि खाली सगळा अक्षरांचा आणि कंसांचा खच.

प्रीतमनाथ पुढे झाले. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स, एका कानात बिनवायरीच्या इयरफोनचं बोंड. त्यांनी कागद दोन्ही हातांनी उचलला.

"टक्क्याची खूण म्हणता ना तुम्ही हिला? अज्ञान आहे. नीट बघा. एक शून्य वर, एक शून्य खाली. हा वर आणि ही वधू. आणि दोघांच्या मध्ये काय? तिरकी तलवार."

तलवार बघायला पुढची रांग कागदाकडे वाकली.

"पुढे हा उभा दंड. आणि त्याच्या खाली हा ठिपका. ठिपका कसला? नवरीच्या कपाळावरून गळून पडलेली टिकली. पुढे पी. पी म्हणजे प्रज्योत. मग एस."

"एस म्हणजे?" कोणीतरी घाबरत विचारलं.

"सर्पदोष."

"आणि आमच्या नमिताचा एन कुठाय?"

"तेच तर म्हणतोय मी," प्रीतमनाथ डोळे मिटून म्हणाले. "एन नाहीच."

"एक मिनिट," सुलक्षणा म्हणाली. "ऋतिकाच्या वेळीसुद्धा कागदावर पी आणि एसच होतं. तिचा नवरा तर विशाल आहे."

"तेव्हा पी म्हणजे पितर होते," प्रीतमनाथ शांतपणे म्हणाले. पेंग्विनकडे दोन-तीन माणसांनी आदराने पाहिलं.

तेवढ्यात सहदेव पुढे सरकला. "गुरुजी, दोष मुलीत आहे की मुलात?"

त्याने हे ज्या आवाजात विचारलं त्याने सुलक्षणा चपापली. भाजीवाल्याला स्वस्त आहे का विचारताना माणूस स्वस्तच असावं अशा आशेने विचारतो, तसा आवाज होता तो. प्रीतमनाथांनी सहदेवचा चेहरा क्षणभर न्याहाळला.

"मुलात," ते म्हणाले. "पाण्यापलीकडचा आहे का तो?"

"हो, मनोरीचा," अर्धी खोली थक्क होऊन म्हणाली. आत्ताच गाऱ्हाण्यात मनोरीचं नाव घेतलं होतं हे कोणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"मुलीने पाणी ओलांडू नये असं आलंय."

"मग शांती करू या," नमिता पुटपुटली. "ऋतिकासाठी केली तशी."

"शांती दोषाची होते, बाळ. नकाराची नाही. पुढच्या रविवारी अंतिम कौल घेऊ. मुलाकडच्यांना बोलवा. त्यांच्यासमोर पत्रिका निघाली तर लग्न. नाही निघाली तर देवाची आज्ञा."

सहदेवने मान डोलावली. त्याचे खांदे सैल पडले होते, आणि हे फक्त त्याच्या बहिणीला दिसलं.

घरी आल्यावर नमिता आत्याच्या शेजारी बसून रडली. सुलक्षणाला रडणारी माणसं हाताळता येत नसत. तिने पुतणीच्या हातात चहाचा कप दिला.

"बाहेरून छापून घे ना पत्रिका. गल्लीगल्लीत दुकानं आहेत."

"बाबा म्हणतात, देवाने नाही म्हटल्यावर बाहेरून छापून देवाला फसवायचं का? आत्या, मला कोर्टात जाऊन लग्न करता येतं. प्रज्योतही तयार आहे. पण मार्वेच्या जेट्टीवर मी होडीत चढेन ना, तेव्हा बाबा सोडायला यायला हवेत मला. ते नसतील तर मला ते लग्न नको वाटेल आणि ते मोडलं तर मला जगणं नको वाटेल."

सुलक्षणाला संताप आला. प्रीतमनाथाचा आला, भावाचा आला आणि त्या पांढऱ्या पोटाच्या कावळ्याचाही आला. बुधवारी दुपारी तिने रामनाथ आजोबांकडून खोलीची किल्ली मागितली.

"काय गो, तुका काय वाटता? देव नाय बोलणा?" आजोबांनी विचारलं.

"बोलत असेल तर मी विचारेन त्यालाही उत्तर देईल ना, आजोबा."

आजोबांनी किल्ली दिली. या उत्तरात चूक काय ते त्यांना सापडलं नाही.

सुलक्षणाला कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नव्हतं. पण प्रयोग कसा करायचा हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तेच तिने मुलांच्या डोक्यात आयुष्यभर कोंबलं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि काय होतं ते बघायचं.

"आधी पाण्याची सूचना छाप," तिने नमिताला सांगितलं. सूचना नीट आली.

"आता तुझी पत्रिका." तलवार, दंड, टिकली, सर्पदोष, सगळं आलं.

"आता त्या पत्रिकेतून प्रज्योतचं नाव काढ. दोष त्याच्यात आहे ना? मग तो गेल्यावर सुटायला हवं."

नाव काढलं. प्रिंटरने पुन्हा तेच ओकलं.

"बरं. आता तुझ्या आईबाबांची नावं घाल. सहदेव आणि विमला. एकमेकांशिवाय चहा घेत नाहीत दोघं."

पहिल्या पानावर टक्का, उद्गारचिन्ह, पी, एस.

"घ्या," सुलक्षणा म्हणाली. "म्हणजे तुझ्या आईबापाचंही लग्न देवाला मान्य नाही. आणि तू तर जन्मून बसलीस."

नमिताला त्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

"आता सगळंच पुसून टाक. गणपती, कलश, नावं, सगळं. पान कोरं कर आणि छाप."

कोरं पान छापायला घेतलं आणि प्रिंटरने तेच ओकलं. पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात तीच तलवार.

सुलक्षणाने तो कागद उलटसुलट करून पाहिला. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"कोऱ्या कागदात कोणाचा दोष गं?" सुलक्षणा म्हणाली. तिच्या आवाजात वर्गातली धार आली होती. "आता उलटं कर. नवीन फाइल उघड, आणि पत्रिकेतला सगळा मजकूर जसाच्या तसा तिच्यात घे. प्रज्योतसकट."

या वेळी प्रिंटरने एकच कागद दिला. गणपती, कलश, आणि मध्ये ठसठशीत नावं: नमिता आणि प्रज्योत. नमिताने तो कागद छातीशी धरला आणि सुलक्षणाने तो तिच्याकडून काढून घेतला, कारण शाई अजून ओली होती.

म्हणजे खोड नावात नव्हती, नक्षत्रात नव्हती, प्रिंटरमध्येही नव्हती. खोड त्या फाइलमध्ये होती, जी प्रीतमनाथांनी भेट दिली होती.

"जुन्या फाइलला काय वेगळं आहे?" सुलक्षणाने विचारलं. "ते बारीक चित्र दाबू नकोस. ते काही विचारत नाही म्हणून त्याचा मला संशय येतोय. छापण्याआधी विचारणारी दुसरी काही सोय नाही का?"

नमिताने वरच्या यादीतून छापण्याची खिडकी उघडली. खिडकीत प्रिंटरचं नाव होतं. मंडळ-२.

"दुसरा प्रिंटर कधी घेतला मंडळाने?"

"दुसरा नाहीच आहे, आत्या. हा एकच."

पाण्याच्या सूचनेची फाइल उघडली. तिथे प्रिंटरचं नाव होतं नुसतं मंडळ. मग नमिताने कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. टेबलावर प्रिंटर एक, पण कॉम्प्युटरमध्ये तो दोनदा जोडलेला. 'मंडळ' म्हणून जोडताना त्याच्याच कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, निवडलेला, आणि 'मंडळ-२' म्हणून जोडताना भलत्याच कंपनीच्या भलत्याच प्रिंटरचा. नमिताने फोनवर शोधाशोध केली आणि थोड्या वेळाने दोघींना सगळं उलगडलं. मग सुलक्षणा उठली आणि तिने तो दहीभाताचा द्रोण, एव्हाना चांगलाच आंबलेला, खाली नेऊन टाकला.

रविवार उजाडला. आज खोलीत मागच्यापेक्षा दुप्पट गर्दी. मनोरीहून प्रज्योत आला होता आणि त्याची आई अंजनाबाई, कोळणीचं लुगडं नेसून, अंगभर सोनं घालून, हातात सुक्या बोंबलांची जुडी घेऊन. व्याह्यांच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं म्हणून. बोंबलांचा वास आल्यावर प्रीतमनाथांनी उपरणं नाकाला लावलं.

"गुरुजी," सुलक्षणा अत्यंत नम्रपणे म्हणाली, "अंतिम कौल घेण्याआधी हा एक कागद वाचून द्याल का? देवापुढच्या याच प्रिंटरमधून आज सकाळी निघालाय."

प्रीतमनाथांनी कागदावर एक नजर टाकली आणि एक अंजनाबाईंवर. "वाचायला काय आहे यात? तीच तलवार. तोच दंड. हा पी, म्हणजे तोच माणूस. देवाने स्पष्ट लिहिलंय. हा माणूस उंबऱ्याच्या आत घेण्यासारखा नाही. जिथे पाऊल ठेवील तिथे वाटोळं करील. गोड बोलून घरात शिरेल आणि घर नासवेल."

प्रज्योतचा चेहरा उतरला. सहदेव खाली बघत होता.

"तंतोतंत," सुलक्षणा म्हणाली. "इतकं खरं मी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. सहदेव, तू ये इकडे. मी कशालाही हात लावणार नाही. ही फाइल उघड. काय आहे ते मोठ्याने वाच."

सहदेवने चष्मा लावला. "'संगणकशांती व यंत्रदोष निवारण. प्रीतमनाथ, घाटकोपर.'" तो थांबला. "ताई, ही तर गुरुजींची जाहिरात आहे. त्यांनीच आपल्याला छापायला दिली होती."

"आता छापायची खिडकी उघड. प्रिंटरचं नाव मंडळ-२ निवड. आणि छाप."

प्रिंटरने अगदी तोच कागद दिला. सहदेवने दोन्ही कागद शेजारी धरले. तलवारीला तलवार आणि टिकलीला टिकली.

"म्हणजे पी म्हणजे प्रीतमनाथ," मागून कोणीतरी म्हणालं, आणि एक बाई पदरात तोंड लपवून खुसखुसली.

"नास्तिकाचा स्पर्श झाला की यंत्र..." प्रीतमनाथ म्हणू लागले.

"हात सहदेवचा होता," सुलक्षणा म्हणाली. "सहदेव, आता तीच जाहिरात 'मंडळ' निवडून छाप."

जाहिरात झकास आली, प्रीतमनाथांच्या हसऱ्या फोटोसकट. मग सुलक्षणाने सहदेवकडून पाण्याची सूचना मंडळ-२ वर छापून घेतली. तलवार. मग कोरं पान. तलवार. एव्हाना प्रत्येक कागदाला पोरं टाळ्या पिटू लागली होती.

"तू सांग मगे, ह्या काय ता," रामनाथ आजोबा काठी टेकत पुढे आले. "माका समाजणा नाय."

"सोपं आहे, आजोबा. कॉम्प्युटर प्रिंटरला चित्र देत नाही, सूचना देतो. इथे गणपती काढ, इथे अमुक नाव लिही. प्रत्येक प्रिंटरची भाषा वेगळी, म्हणून मध्ये एक दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. यांनी आपला प्रिंटर दोनदा जोडला. एकदा खऱ्या दुभाष्याने आणि एकदा मुद्दाम चुकीच्या. समजा, मी एका मुलाला म्हटलं, फळ्यावर आंबा काढ, आणि त्याला मराठी येतच नाही. त्याने आंबा काढला नाही, मी बोलले तेच शब्द फळ्यावर उतरवले. हा कागद म्हणजे तसला फळा आहे. यात देवाचा निरोप नाही. या दुभाष्याची प्रत्येक सूचना याच चार खुणांनी सुरू होते, लग्न असो की पाणीकपात."

"पण मग पत्रिकेलाच का व्हायचं?" सहदेवने विचारलं.

"कारण फाइल आपला प्रिंटर लक्षात ठेवते. यांनी पत्रिकेचा नमुना मंडळ-२ च्या नावाने साठवून आपल्याला भेट दिला. आपण तोच उघडायचो, नावं बदलायचो आणि ते बारीक चित्र दाबायचो, जे काही विचारत नाही. मग हे यायचे, उपरण्याखाली डोकं घालायचे आणि आत 'मंडळ' निवडायचे. एवढीच यांची शांती."

"व्हय म्हाराजा," रामनाथ आजोबा हळूच म्हणाले. ऋतिकाच्या शांतीला त्यांनी गावठी कोंबडा दिला होता, तो त्यांना आठवला असावा.

प्रीतमनाथांनी कानातल्या बोंडाला हात लावला. "तातडीचं बोलावणं आहे, मुलुंडला," असं म्हणत ते दाराकडे सरकले. पण दाराबाहेर चपलांचा ढीग होता, आणि त्या ढिगात त्यांची एकच चप्पल सापडत होती. सगळं मंडळ दारात उभं राहून त्यांना दुसरी शोधताना बघत राहिलं. कोणीही मदत केली नाही.

"ही देवाची परीक्षा पाहणं झालं," वाकल्या वाकल्या ते म्हणाले. "श्रद्धेच्या जागी तपासण्या करायच्या नसतात."

इतका वेळ गप्प बसलेल्या अंजनाबाई उठल्या आणि दारात आल्या.

"मी बाजारान मावरा इकतंय," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक येतं, मासलीचा कल्ला उघरून बघतं. लाल हाय का, वास येतंय का. मना राग येत नाय. ज्याचा मावरा ताजा, त्याला कल्ला उघरायची भीती कनाला?"

प्रीतमनाथ एका पायात चप्पल घालून जिना उतरले.

लोक हसत होते, एकमेकांना तलवारी दाखवत होते, पण सहदेव खुर्चीतच बसून होता. त्याच्या हातात ते कोऱ्या पानाचं भेंडोळं होतं. सुलक्षणा त्याच्या शेजारी बसली.

"प्रिंटरने नाही म्हटलं नव्हतं," ती हळू आवाजात म्हणाली. "देवानेही नाही. मग हा नकार कोणाचा होता रे?"

सहदेवने ते भेंडोळं टेबलावर ठेवलं. मग त्याने सगळ्यांसमोर मुलीकडे पाहिलं.

"माझा," तो म्हणाला. "मुलगा चांगला आहे, मला ठाऊक आहे. पण वाऱ्यापावसाची मार्वेची फेरीबोट बंद होते ना गं. तू पलीकडे आणि मी अलीकडे. मी काय पोहत येणार? हे माझ्या तोंडून निघत नव्हतं. त्या माणसाने ते देवाच्या नावावर वाचून दाखवलं, आणि मला बरं वाटलं." तो बहिणीकडे वळला. "मी त्याला विचारलंच तसं, ताई. मला जे हवं होतं तेच त्याने मला विकलं."

नमिता त्याच्या गुडघ्यांशी बसली. प्रज्योत पुढे आला, जरा घुटमळला आणि म्हणाला, "बाबा, फेरी बंद असली तरी भाईंदरकडून रस्ता आहे. लांब पडतो, पण बस येते थेट. आणि होडी तर आपली घरचीच आहे. तुम्ही फक्त फोन करा."

"हे आधी का नाही सांगितलंस रे?" सहदेव म्हणाला.

"तुम्ही विचारलंच नाही. प्रिंटरला विचारलंत."

सहदेवला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तो उठला, कॉम्प्युटरसमोर बसला आणि नमिताने दाखवलं तसं सेटिंगमध्ये जाऊन त्याने मंडळ-२ उडवून टाकला. मग पत्रिका उघडली, छापायची खिडकी उघडली, प्रिंटरचं नाव मोठ्याने वाचलं आणि स्वतःच्या हाताने छापली. रामनाथ आजोबांनी टोपी सारखी केली.

"बा देवा रवळनाथा, आमचा चुकला ता आमका गावला. पुढच्या वक्ताक आमी आधी आमची अक्कल वापरू आणि मगे तुका त्रास देव, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" खोली गरजली, आणि या वेळी सगळ्यात मोठा आवाज सुलक्षणाचा होता.

देवावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्यावर सुलक्षणाचं कोणाशी भांडण नाही. तिचं म्हणणं एवढंच आहे. देवाच्या वतीने एखादा माणूस बोलू लागला, आणि विशेषतः तो आपल्याला हवं तेच बोलू लागला, तर आधी एक गोष्ट बदलून बघा, मग दुसरी बदलून बघा, आणि कोरा कागदही घालून बघा. तपासू न देणाऱ्याच्या हाती आपली मुलं देऊ नका.

लग्नानंतर मार्वेच्या जेट्टीवर सहदेव मुलीला सोडायला गेला, आणि होडी सुटताना तो इतका रडला की अंजनाबाईंनी त्यालाही होडीत घेतलं. त्या रात्री तो मनोरीलाच जेवला. पानात पापलेट आलं तेव्हा त्याने ते आधी उलटून, कल्ला उघडून पाहिलं. अंजनाबाईंना अजिबात राग आला नाही.